नाशिकच्या हवेत स्ट्रॉबेरी : गच्ची, मळा आणि घाटमाथ्यासाठी लागवडीची रीत

नाशिकमध्ये स्ट्रॉबेरी लावणाऱ्यांची तक्रार बहुतेक वेळा सारखीच असते. ऑक्टोबरात हौसेने रोपं आणली, दिवाळीपर्यंत निम्मी गेली, उरलेली पानांनी भरली आणि फेब्रुवारीत चार आंबट फळं हाती आली. मग दोष थंडीला. थंडी इथे पुरेशी पडते. बिघडतं ते लागवडीच्या आधीच्या आठवड्यात आणि नंतरच्या वीस दिवसांत, म्हणून इथे सर्वात जास्त जागा त्याच काळाला दिली आहे.

## टप्पा १ : आपली जागा ओळखा

आपल्याकडे मिळणाऱ्या जातींना फुलावर यायला लहान दिवस आणि गार रात्री लागतात. दिवसा २० ते २५ अंश, रात्री ८ ते १२ अंश, अशी हवा उत्तम. नाशिकमध्ये दिवस याहून थोडे उबदार असले तरी त्याच्या जवळची हवा साधारण नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत मिळते. रोप त्याआधी मुळं धरून बसलेलं हवं.

शहरातली गच्ची आणि बाल्कनी. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे दक्षिणेची बाल्कनी सर्वात चांगली, त्याखालोखाल पूर्वेची. उत्तरेच्या बाल्कनीत पानं येतील, फळांचा नाद सोडा. सहा तास थेट ऊन हवंच. गच्चीवर कुंड्या थेट स्लॅबवर ठेवू नका. तापलेला स्लॅब मुळं शिजवतो. विटांवर किंवा स्टँडवर ठेवा.

निफाड, दिंडोरी, पिंपळगावचा काळ्या जमिनीचा पट्टा. इथली थंडी स्ट्रॉबेरीला मानवते, जमीन मानवत नाही. काळी माती पाणी धरून ठेवते, सामू (पीएच, म्हणजे मातीच्या आंबटपणाचा आकडा) ७.५ ते ८.५ च्या घरात असतो आणि बऱ्याच ठिकाणी चुनखड असते.

सुरगाणा, बोरगाव, हातगडचा घाटमाथा. उंची, तांबडी निचऱ्याची माती आणि गार रात्री, तिन्ही गोष्टी जुळतात. सापुताऱ्याच्या रस्त्यावर हंगामात दिसणाऱ्या पाट्या त्याचमुळे. इथली अडचण म्हणजे लांबलेला पाऊस आणि उतारावरून धुऊन जाणारी माती. वाफे उताराला आडवे काढा.

धुळे-जळगावकडच्या वाचकांनी हीच पद्धत वापरावी, पण हंगाम महिनाभराने आखूड धरावा आणि फेब्रुवारीपासून दुपारी शेडनेट लावायची तयारी ठेवावी. कोकणात रात्री पुरेशा गार होत नाहीत. तिथे चार-पाच कुंड्यांची हौस ठीक आहे, गुंठाभर लावण्याचं धाडस नको.

## टप्पा २ : रोपं निवडणं

बियांच्या पुड्यांपासून लांब राहा. बियांपासून रोप तयार व्हायला महिने जातात आणि फळ मूळ जातीसारखं येत नाही. रनरपासून, म्हणजे मातृरोपाने जमिनीवर सोडलेल्या लांब फुटव्यापासून, तयार केलेलंच रोप घ्या. महाबळेश्वर-वाई भागातल्या रोपवाटिकांमधून ती सप्टेंबर-ऑक्टोबरात मिळतात.

जातींमध्ये विंटर डाऊन आणि स्वीट चार्ली लवकर फळावर येतात. दोन्ही मूळच्या फ्लोरिडाच्या, त्यामुळे आपल्या आखूड हिवाळ्याशी त्यांचं जमतं. स्वीट चार्ली खायला गोड पण नाजूक, लांबच्या बाजाराला टिकत नाही. कॅमारोसाचं फळ टणक, वाहतुकीला चांगलं, मात्र ती उशिरा येते. गच्चीवाल्यांनी पहिल्या दोनपैकी एक घ्यावी. नाभिलाही बरीच लावली जाते.

रोप घेताना पाहायच्या गोष्टी :

- बुंधा पेन्सिलीइतका जाड हवा. पानं दोन असली तरी चालतील, बारीक बुंधा चालणार नाही.
- मुळं पांढुरकी किंवा फिकट तपकिरी, भरपूर तंतुमय. काळी, चिकट, वास येणारी मुळं असलेलं रोप परत करा.
- मोठी खरेदी असेल तर एक रोप खर्ची घाला. बुंधा ब्लेडने उभा चिरा. आतला गर मलईसारखा पांढरा दिसला तर माल चांगला. आत लालसर-तपकिरी चट्टे असतील तर बुंधा आधीच सडायला लागलाय. ती संपूर्ण खेप नाकारा.

> सावध : पार्सलने आलेली उघड्या मुळांची रोपं बादलीभर पाण्यात रात्रभर बुडवून ठेवू नका. मुळं ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवा आणि २४ तासांत लावा.

## टप्पा ३ : पाणी आणि माती आधी तपासा

हा टप्पा जवळजवळ सगळे गाळतात. स्ट्रॉबेरी क्षारांना फार हळवी आहे. ज्या बोअरच्या पाण्यावर डाळिंब बिनबोभाट येतं, त्याच पाण्यावर स्ट्रॉबेरीच्या पानांच्या कडा महिन्याभरात करपतात.

घरातल्या पाणी शुद्धीकरण यंत्रासाठी वापरतात तो, पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा, छोटा टीडीएस मीटर पुरतो. आकडा ५०० च्या आत असेल तर निश्चिंत. ५०० ते ७०० असेल तर खत निम्म्याने द्या आणि आठवड्यातून एकदा साधं पाणी भरपूर देऊन क्षार खाली धुऊन काढा. त्याच्या वर असेल तर ते पाणी नकोच. शहरात गंगापूर धरणाचं नळाचं पाणी सहसा चालतं, सोसायटीच्या बोअरचं मात्र मोजल्याशिवाय घालू नका.

मातीचा सामू ५.५ ते ६.५ हवा. काळ्या जमिनीत गंधक टाकून तो खाली आणायचा सल्ला सर्रास दिला जातो. चुनखडीच्या जमिनीत तो पैसा वाया जातो, कारण गंधकापासून तयार होणारं आम्ल चुना खाऊन टाकतो आणि सामू जिथल्या तिथे राहतो. त्यापेक्षा वाफ्यावर सहा-आठ इंच तांबडी मुरमाड माती आणि कुजलेलं शेणखत चढवा किंवा सरळ ग्रो बॅगमध्ये लावा.

> सावध : गेल्या दोन-तीन वर्षांत टोमॅटो, वांगी, मिरची किंवा बटाटा घेतलेल्या प्लॉटमध्ये स्ट्रॉबेरी नको. मर रोगाची बुरशी आणि सूत्रकृमी (मुळांना लागणारे सूक्ष्म कृमी) मातीत राहतात. गिरणारे-दिंडोरीच्या टोमॅटोच्या पट्ट्यात ही चूक दर हंगामाला दिसते. दुसरी जागाच नसेल तर मे महिन्यात ओल्या वाफ्यावर पारदर्शक प्लॅस्टिक चार ते सहा आठवडे घट्ट ताणून माती तापवून घ्या.

## टप्पा ४ : वाफा किंवा कुंडी भरणं

शेतात. गादीवाफा वर अडीच फूट रुंद, एक फूट उंच. एका वाफ्याच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत चार फूट. वाफ्यावर दोन ओळी, रोपांत एक फूट अंतर, नागमोडी मांडणी. या हिशेबाने गुंठ्याला सुमारे ५४० आणि एकरी २१ ते २२ हजार रोपं बसतात. गुंठ्याला अर्धा टन चांगलं कुजलेलं शेणखत आणि १० किलो निंबोळी पेंड मिसळा. शेणखत मुठीत दाबल्यावर गरम लागत असेल किंवा त्याला शेणाचा वास येत असेल तर ते अजून कच्चं आहे. कच्च्या खताबरोबर हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, येते.

ठिबकची नळी प्रत्येक ओळीला एक, ड्रीपर फुटाफुटावर. वाफ्यावर अंथरायचा प्लॅस्टिकचा मल्चिंग पेपर २५ ते ३० मायक्रॉनचा, चंदेरी बाजू वर. काळी बाजू वर ठेवली तर ऑक्टोबरच्या उन्हात पेपर इतका तापतो की भोकाच्या कडेला टेकलेला पानाचा देठ भाजून गळतो. १५ ऑक्टोबरच्या आधी लावत असाल तर उघड्या वाफ्यावर लावा आणि तीन-चार आठवड्यांनी, उन्हाचा चटका कमी झाल्यावर, पेपर अंथरून भोकांतून रोपं हलकेच वर काढा. मजुरी वाढते, पण मर कमी होते.

कुंडीत. एका रोपाला आठ इंची कुंडी पुरते. दोन फुटी लांबट कुंडीत तीन रोपं लावा, चौथं बसतं म्हणून कोंबू नका. मिश्रण असं : चार भाग कोकोपीट, तीन भाग गांडूळखत, दोन भाग तांबडी माती, एक भाग परलाइट किंवा भाताचं तूस. काळी माती यात अजिबात नको.

कोकोपीटची वीट भिजवली की लगेच वापरायची, हा गैरसमज आहे. स्वस्तातल्या कोकोपीटमध्ये मीठ भरपूर असतं. दोन-तीनदा स्वच्छ पाण्यात भिजवून, पिळून घ्या. शेवटच्या पिळलेल्या पाण्यात टीडीएस मीटर बुडवा. ५०० च्या वर आकडा आला तर अजून एकदा धुवा.

> तपासा : भरलेल्या कुंडीत लिटरभर पाणी ओता. मिनिटभरात तळातून धार लागली पाहिजे. पाणी वर तुंबलं तर मिश्रणात तूस वाढवा. आत्ता आळस केलात तर डिसेंबरात मुळं कुजतील.

## टप्पा ५ : लावणी

घाटमाथ्यावर पाऊस उघडल्यावर, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरचा मध्य. नाशिक शहर आणि निफाड-दिंडोरीकडे १५ ऑक्टोबर ते ५ नोव्हेंबर. आधी लावली तर ऑक्टोबरचं ऊन मारतं. फार उशिरा लावली तर रोपाला अंग धरायला वेळ मिळत नाही आणि ते चार पानांवरच फुलायला लागतं.

लावायच्या आधी रोप हातात घेऊन डोळ्यांजवळ धरा. मुळं आणि पानांचे देठ यांच्यामध्ये एक आखूड, जाड, किंचित खरबरीत बुंधा दिसेल. हा क्राउन. त्याच्या माथ्यावर, देठांच्या बेचक्यात, घडी घातलेलं पोपटी रंगाचं इवलंसं पान दिसेल. तोच वाढीचा कोंब. या कोंबावर माती पडली तर तो कुजतो आणि रोप संपलं. उलट क्राउनचा खालचा भाग उघडा राहिला तर तिथून फुटणारी नवी मुळं हवेत सुकतात, रोप जगतं पण खुरटतं. म्हणून मातीची पातळी क्राउनच्या बरोबर मध्यावर. इथे अर्ध्या इंचाचा फरकही महाग पडतो.

1. आदल्या संध्याकाळी वाफा किंवा कुंडी पूर्ण भिजवा. कोरड्या मातीत लावून मग पाणी दिलं तर माती खचते आणि रोप खाली जातं.
2. लावणी दुपारी चारनंतरच. सकाळी लावलेल्या रोपाला लगेच दिवसभराचं ऊन सोसावं लागतं.
3. एक लिटर पाण्यात १० ग्रॅम ट्रायकोडर्मा कालवून मुळं दहा मिनिटं बुडवा. त्याच पाण्यात रासायनिक बुरशीनाशक घालू नका. ट्रायकोडर्मा हीदेखील बुरशीच आहे, औषध तिलाही मारतं.
4. पाच-सहा इंचांपेक्षा लांब मुळं कात्रीने छाटा. खड्डा मुळांपेक्षा खोल हवा. मुळं सरळ खाली लोंबली पाहिजेत, बोटाने कोंबून वर वळलेली नकोत.
5. बुंध्याला एका बाजूला रनरचा तुटलेला शेपटा दिसतो. तो वाफ्याच्या आतल्या बाजूला ठेवा. फुलांचे दांडे सहसा त्याच्या विरुद्ध बाजूला येतात, त्यामुळे फळं बाहेरच्या कडेला लोंबतात आणि तोडणी सोपी जाते. कुंडीतही असंच.
6. दोन्ही अंगठ्यांनी माती बुंध्याभोवती घट्ट दाबा.
7. झारीने पाणी द्या.

> तपासा : एक पान चिमटीत धरून हलका ताण द्या. रोप जागचं हललं नाही तर दाब बरोबर. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा एक फेरी मारा. पाण्याने माती बसून बरेच क्राउन उघडे पडलेले किंवा गाडले गेलेले दिसतील. कोंबात साचलेली माती काडीने काढा, उघड्याला माती लावा. या फेरीला गुंठ्यामागे तासभर जातो आणि निम्मी मर वाचते.

## टप्पा ६ : पहिले वीस दिवस

पहिले दहा ते पंधरा दिवस ५० टक्क्यांचं शेडनेट, जमिनीपासून तीन-चार फूट उंच. नंतर एकदम काढू नका. आधी सकाळचं ऊन द्या, चार दिवसांनी पूर्ण उघडा. महिनाभर नेट तसंच राहिलं तर देठ लांबतात आणि फूल उशिरा येतं.

या दिवसांत मुळं पाणी ओढायला तयार नसतात, त्यामुळे केवळ ठिबकने भागत नाही. अकरा ते तीनच्या दरम्यान तीन-चार वेळा पानांवर हलकी फवारणी करा. उद्देश पान गार ठेवण्याचा, माती चिखल करण्याचा नाही. दहा दिवसांनी ही फवारणी बंद. त्यानंतर पानांवर पाणी शक्यतो पडूच नये.

जुनी दोन-तीन पानं पिवळी पडतील, घाबरू नका. मधून नवं पान उघडत असेल तर रोप लागलं. बारा दिवसांनीही कोंब बंद असेल तर ते रोप उपटून बुंधा चिरून पाहा आणि जागी दुसरं लावा. यासाठी शेकडा दहा रोपं जादा घेऊन छोट्या पिशव्यांत ठेवलेली बरी.

पहिल्या तीन-चार आठवड्यांत आलेली फुलं आणि रनर काढून टाका. हे सांगितलं की लोक मान डोलावतात आणि फूल मात्र तसंच ठेवतात. त्या एका फळापायी पुढची दहा जातात.

## टप्पा ७ : पाणी आणि खत

ठिबक रोज, सकाळी, थोडं थोडं. कुंडीसाठी घड्याळ नको. बोट पेराएवढं आत घाला, कोरडं लागलं तर पाणी द्या. फळं भरत असताना एक दिवस कोरडं आणि एक दिवस लोंढा, असं झालं तर फळ फुटतं किंवा पाणचट होतं.

- लागणीनंतर तिसऱ्या आठवड्यापासून १९:१९:१९ हे विरघळणारं खत (आकडे नत्र, स्फुरद, पालाशचे), लिटरला दोन ग्रॅम, कुंडीला २०० मिली, आठवड्यातून एकदा.
- फुलकळी दिसली की ०:५२:३४, त्याच मात्रेत, दोन वेळा.
- फळ धरल्यावर १३:०:४५ आणि कॅल्शियम नायट्रेट आलटून पालटून, आठवड्याला एक.

> सावध : कॅल्शियम नायट्रेट दुसऱ्या कुठल्याही स्फुरद किंवा सल्फेटच्या खतात मिसळू नका. टाकीत पांढरा गाळ बसतो, ड्रीपर चोक होतात आणि खतही वाया जातं. मध्ये दोन दिवस जाऊ द्या.

नवीन पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर लोह कमी पडतंय. साधं ईडीटीएवालं फेरस चुनखडीत टिकत नाही, ईडीडीएचए प्रकारचं द्या. युरिया नको. त्याने पानं हत्तीच्या कानासारखी होतात आणि फळ मऊ.

## टप्पा ८ : फूल ते फळ

स्ट्रॉबेरीच्या अंगावर दिसणारा प्रत्येक दाणा परागीकरण झाल्यावरच आपल्याभोवतीचा गर फुगवतो. फळ वेडंवाकडं, एका बाजूला चेपलेलं आलं तर बहुधा तिथले दाणे फळलेले नसतात. शेतात मधमाश्या हे काम करतात, म्हणून फुलोऱ्यात सकाळी फवारणी नको. बंद बाल्कनीत दहा ते बाराच्या दरम्यान मऊ ब्रशने फुलाच्या मध्यावर गोल फिरवा, एका दिवसाआड.

निफाडकडे पारा फार खाली गेला की उघड्या फुलाचा पिवळा मध्यभाग काळा पडतो. ते फूल गेलं, कळ्या सहसा वाचतात. अशी रात्र येणार असेल तर संध्याकाळी हलकं पाणी द्या आणि वाफ्यावर क्रॉप कव्हर टाका, सकाळी ऊन आल्यावर काढा.

फळ मातीला टेकू देऊ नका. मल्चिंग नसेल तर भाताचा पेंढा किंवा वाळलेलं गवत पसरा.

## टप्पा ९ : रोग, कीड आणि द्राक्षवाल्यांच्या दोन चुका

पहिली चूक : पंप. द्राक्षाला जीए (जिबरेलिक ॲसिड, वाढीचं संजीवक) मारलेला पंप नुसता विसळून स्ट्रॉबेरीला वापरला की देठ लांबतात आणि फुलांऐवजी रनर सुटतात. तणनाशकाचा पंप तर त्याहून वाईट. स्ट्रॉबेरीचा पंप वेगळा ठेवा.

दुसरी चूक : वेळापत्रकाने फवारणी. इथे फळ दर दोन-तीन दिवसांनी तोडलं जातं आणि सोलून खाल्लं जात नाही. रासायनिक औषधाचा काढणीपूर्व काळ, म्हणजे फवारणी आणि तोडणी यांत सोडायचे दिवस, पाळायला जागाच उरत नाही. लेबल क्लेम नसलेलं, म्हणजे या पिकासाठी मंजूर नसलेलं, औषध तर हातातही धरू नका.

भुरी हा बुरशीचा रोग द्राक्षवाल्यांच्या ओळखीचा, पण इथे तो वेगळा दिसतो. पानाच्या कडा वाटीसारख्या वर वळतात, पांढरी भुकटी खालच्या बाजूला असते. भिजणारं गंधक लिटरला दोन ग्रॅम, तेही ३० अंशांच्या आत तापमान असताना आणि निंबोळी तेल मारून दोन आठवडे झालेले असतील तरच. नाहीतर पानं भाजतात.

अवकाळी पाऊस किंवा चार दिवस धुकं राहिलं की फळावर राखाडी लव येते. ती फळं त्याच दिवशी पिशवीत गोळा करून शेताबाहेर न्या. सरीत फेकलेलं एक सडकं फळ वाफा नासवायला पुरतं.

फेब्रुवारीच्या कोरड्या हवेत लाल कोळी येतो. पानं निस्तेज, खाली बारीक जाळी. कुंडीत असेल तर सकाळी पान उलटं करून पाण्याच्या बारीक धारेने तीन दिवस धुवा. शेजारी कांदा काढणीला आला की फुलकिडे इकडे सरकतात. निळे चिकट सापळे आधीच लावून ठेवा.

बुलबुल आणि खारींसाठी जाळी फळ रंगायच्या आधी लावायची. एकदा चव लागली की जाळीचं भोक त्या बरोबर शोधतात.

## टप्पा १० : तोडणी

फूल उमलल्यापासून थंडीत साधारण महिन्याने फळ पिकतं. तोडल्यावर रंग थोडा चढतो, गोडी वाढत नाही. घरासाठी देठाकडचा पांढरा भाग पूर्ण लाल झाल्यावर, बाजारासाठी तीन चतुर्थांश रंग आल्यावर तोडा. सकाळी दव सुकलं की लगेच, ऊन चढण्याआधी. फळ ओढायचं नाही. अंगठ्याच्या नखाने देठ अर्धा इंच ठेवून खुडा आणि थेट पनेटमध्ये (फळांच्या छोट्या डब्यात) ठेवा. पुन्हा हाताळणी नको, धुणं तर खायच्या वेळीच.

एका रोपाकडून हंगामात पाव ते अर्धा किलो मिळालं तर काम नीट झालं असं समजा. गच्चीवरच्याने पाव किलोचाच हिशेब धरावा.

## टप्पा ११ : उन्हाळा

मार्चच्या उत्तरार्धात फळं लहान आणि आंबट होतात. शेतातलं पीक तेव्हा काढून टाका. गच्चीवर चार-पाच जोमदार रोपं ठेवता येतील : पूर्वेची बाजू, ५० टक्के शेडनेट, रोज दोनदा पाणी, खत बंद. पावसाळ्यात ती रनर सोडतात. रनरच्या टोकाला पानांचा झुबका आला की तो छोट्या कुंडीतल्या मिश्रणावर टेकवून वाकवलेल्या तारेने अडकवा. तीन-चार आठवड्यांत मुळं धरली की मातृरोपाकडची दोरी कापा. पावसाची थेट झोड लागू देऊ नका. एका मातृरोपाचे पहिले तीन रनर ठेवा, बाकीचे खुडा.

घरच्या रोपांवर दुसऱ्या वर्षापर्यंतच विसंबा. विषाणू रनरमधून पुढच्या रोपात उतरतात आणि फळ दरवर्षी लहान होत जातं. तिसऱ्या ऑक्टोबरला नवी रोपं आणा, कुंडीतलं मिश्रणही बदला. जुनं मिश्रण पालेभाजीला चालतं, टोमॅटोला घालू नका.